हिरोजींची पायरी आणि आपली नावे

संपादक महोदय,

गेल्या रविवारी आई, पत्नी आणि मुलांसह रायगडावर गेलो होतो. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती रोपवेने आली. आम्ही पायऱ्यांनी चढलो. हिरकणीची गोष्ट आईनेच मुलांना सांगितली. तान्ह्या लेकरासाठी अंधारात कडा उतरणारी ती गवळण ऐकताना धाकटीने आजीचा पदर घट्ट धरला होता.

जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर’ ही अक्षरे आहेत. ज्याने हा गड बांधला, त्याने आपले नाव येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायधुळीत ठेवले. आणि काही पर्यटक मात्र बाजारपेठेच्या दगडांवर खिळ्याने बदाम काढून आपली नावे कोरतात! १८१८ मधल्या इंग्रजांच्या तोफांतून आणि आगीतून वाचलेले हे दगड. थोरल्याने विचारले, “बाबा, हे पुसता येतं का?” मला उत्तर देता आले नाही.

२०२५च्या जुलैत रायगड जागतिक वारशाच्या यादीत आला, याचा आपल्याला केवढा अभिमान! शाळांच्या सहलींना गड चढण्याआधी ही पायरी आणि तिची गोष्ट जरूर सांगावी, अशी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, पुणे