रॅम सिक्लिड मरतात ते कच्च्या टाकीमुळे

संपादक महोदय,

निळ्या-पिवळ्या झळाळीचा रॅम सिक्लिड हा छोटा मासा मत्स्यालयांच्या दुकानांत आता सर्रास मिळतो. हौसेने आणलेली जोडी महिनाभरात दगावते आणि 'मासाच नाजूक' असं उत्तर मिळतं. टाकी, वनस्पती आणि मासे एकाच दिवशी विकले जातात, खरा घोळ तिथे आहे.

माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी कच्चीच असते. तिच्यात फक्त वनस्पती ठेवाव्यात, फिल्टर अखंड चालवावा आणि जिवाणूंसाठी रोज चिमूटभर खाद्य टाकावं. टेस्ट किटमध्ये अमोनिया व नायट्राइट शून्य दिसू लागले की आधी टेट्रा हे छोटे मासे सोडावेत, रॅम सर्वांत शेवटी.

हा मासा व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्याच्या उष्ण गवताळ मैदानांतला. त्याला २७ ते २९ अंश सेल्सिअस लागतात. 'आपल्याकडे हीटर कशाला?' हा सल्ला पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात माशाच्या जिवावर बेततो. साठ-सत्तर लिटरच्या दोन फुटी टाकीला १०० वॉटचा हीटर पुरतो. मात्र गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि रात्री वनस्पतीही तो वापरतात. वनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावला असेल तर दिव्याबरोबर गॅसही बंद करावा आणि रात्री एअर पंप चालू ठेवावा. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना दिसले तर कारण बहुधा हेच असतं.

पाण्याबाबत सर्वांत जास्त फसगत होते. रॅमला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं: पीएच ६ ते ७, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) २०० च्या आत. बोअरचं आणि टँकरचं पाणी अनेकदा याच्या कितीतरी पुढे असतं. सोसायटीच्या सॉफ्टनरचं पाणी चालेल असं वाटतं, पण ते यंत्र कॅल्शियम काढून सोडियम घालतं; टीडीएस जवळपास तसाच राहतो. निव्वळ आरओचं पाणीही नको. त्यात कार्बोनेट नसल्याने पीएच एकाएकी कोसळतो आणि वनस्पतींना कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळत नाही. आरओच्या पाण्यात नळाचं किंवा बोअरचं पाणी थोडं थोडं मिसळून टीडीएस १५० च्या आसपास आणावा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवावं. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावं, तेही टाकीइतकंच कोमट.

तळाला बारीक, गोलसर वाळू हवी. रॅम ती तोंडात घेऊन कल्ल्यांतून गाळतो. धारदार खडीने इजा होते. अनुबियास या वनस्पतीचं खोड वाळूत पुरू नये, कुजतं, लाकडाला बांधावं. अ‍ॅमेझॉन स्वोर्ड या वनस्पतीच्या मुळाशी खताची गोळी द्यावी. सोबतीला दहा-बारा कार्डिनल किंवा रमीनोज टेट्रा उत्तम. गोल्डफिश थंड पाण्याचा, टायगर बार्ब पर कुरतडणारा, दोन्ही टाळावेत. 'काच साफ करतो' म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर फूटभर वाढतो, आणि मग लोक तो नदीत सोडतात. ते तर मुळीच करू नये. दोन फुटी टाकीत रॅमची एकच जोडी ठेवावी. अंडी घालायला सपाट दगड द्यावा. टाकीत कोरिडोरास हे तळाशी वावरणारे मासे असतील तर रात्री ती अंडी फस्त होतात, हे गृहीत धरावं.

खरेदी करताना आपल्यासमोर मासा खातो का पाहावं. पोट खपाटीला गेलेला, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकणारा मासा आतड्यातल्या परजीवींनी ग्रासलेला असण्याची शक्यता मोठी. आकाराने इवलासा पण रंगाने भडक मासा दिसला तर संप्रेरकं दिल्याचा संशय घ्यावा. बलून आणि इलेक्ट्रिक ब्लू या रॅमच्याच निवड-पैदाशीच्या जाती. नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. त्यापेक्षा बोलिव्हियन रॅम घ्यावा. तो कमी भडक, पण २५ अंशांतही ठणठणीत राहतो.

दुकानदारांनी किमतीच्या चिठ्ठीशेजारी पाण्याचं तापमान, पीएच आणि टीडीएस लिहावा एवढीच विनंती आहे. ते वाचून गिऱ्हाईक हीटर आणि टेस्ट किटही घेईल, म्हणजे धंदा दुकानाचाच वाढेल.

– एक मत्स्यपालक, पुणे