सांकेतिक भाषेच्या दुभाषींना रंगमंचाजवळून हटवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : पुण्यातील मुलाखतीच्या कार्यक्रमात कर्णबधिर प्रेक्षकाची झालेली गैरसोय व अपमान

महोदय,

गेल्या शनिवारी आपण पुण्यात आयोजित केलेल्या लेखकाच्या मुलाखतीला मी आणि माझी थोरली बहीण आलो होतो. ताई जन्मापासून कर्णबधिर आहे आणि भारतीय सांकेतिक भाषेत बोलते. तिकिटे काढण्याआधीच मी दुभाषीची विनंती केली होती, आपण ती ई-मेलने मान्यही केली होती.

दुभाषी बाई वेळेवर आल्या, रंगमंचाच्या डावीकडे उजेडात उभ्या राहिल्या. सुरुवात छान झाली. मग मागून आवाज आले, "त्या हात हलवणाऱ्या बाईंना खाली बसवा, लक्ष जातंय." आपल्या कर्मचाऱ्याने लगेच त्यांना विंगेजवळच्या अंधारात नेऊन उभे केले. सांकेतिक भाषेत प्रश्न, नकार हे चेहऱ्यावरूनही कळतात. अंधारात ना हात दिसले, ना चेहरा. पुढचा सगळा कार्यक्रम ताई नुसती बसून होती. सभागृह हसायचे आणि ती माझ्याकडे बघायची.

मध्यंतरात मी आपल्या व्यवस्थापकांना भेटलो. "साहेब, एका माणसासाठी सगळ्यांची नाराजी कशी घेणार?" असे ते म्हणाले. सगळे कोण? ओरडणारे दोघे-तिघे होते. याउलट पुढच्या रांगेतल्या एका काकांनी आपणहून ताईला स्वतःची खुर्ची देऊ केली. दोघातिघांच्या कुरकुरीला आपण सभागृहाचे मत मानले, याचा मला जास्त राग आहे. कोणी ओरडले म्हणून व्हीलचेअरचा रॅम्प आपण उचलून ठेवला असता का?

त्या प्रेक्षकांनाही मी सगळा दोष देत नाही. दूरदर्शनवर कर्णबधिरांसाठीच्या बातम्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत, तिथे त्या हातांचा कोणाला त्रास होत नाही. इथे त्या बाई कोण, कशासाठी उभ्या आहेत, हे निवेदकाने सांगितलेच नाही. दोन वाक्ये पुरली असती.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव ठरतो. 2011 च्या जनगणनेत ऐकण्याची अक्षमता असलेले 50 लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. त्यांतले किती जण आपल्या कार्यक्रमांना येतात? येत नाहीत, कारण आल्यावर काय वागणूक मिळते हे ते एकमेकांना सांगतात. ताईनेही तिच्या मैत्रिणींना सांगितले आहे.

दोन्ही तिकिटांचे पैसे परत करावेत आणि ताईची लेखी माफी मागावी. दुभाषी बाईंचीही मागावी, त्यांना भर सभागृहात हाताला धरून हलवले गेले. पुढच्या कार्यक्रमांत दुभाषींची जागा आणि त्यांच्यावरचा प्रकाश आधीच ठरवावा, त्यांच्यासमोरच्या खुर्च्या कर्णबधिरांसाठी राखाव्यात, सुरुवातीला घोषणा करावी. कार्यक्रम तासाहून मोठा असेल तर दोन दुभाषी ठेवावेत, कारण एकट्याने सलग भाषांतर करताना माणूस थकतो आणि मजकूर निसटतो. सोय हवी का, हे तिकीट काढतानाच विचारणारा रकाना अर्जात असावा.

आपल्या तक्रार अर्जात संपर्कासाठी फक्त फोन नंबर मागितला आहे. ताई फोनवर बोलू शकत नाही. या पत्राचे उत्तर 15 दिवसांत तिच्या नावाने, तिकीट काढताना दिलेल्या ई-मेलवर पाठवावे.

आपला,
एक तिकीटधारक, पुणे