जखमी पक्ष्याच्या रक्ताची एक स्लाइड तरी ठेवा

संपादक साहेब, नमस्कार.

मी सोलापुरात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बावीस वर्षं झाली, मलेरियाच्या स्लाइड किती बघितल्या त्याची मोजदाद नाही. मागच्या वर्षी शेजारचा पोरगा मांजात पंख कापलेला पारवा घेऊन आला, जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला, त्यांनी टाके घातले, रक्त येतच होतं म्हणून त्यातला एक थेंब मी डॉक्टरांना विचारून काचेवर पसरून घेतला. लॅबमध्ये येऊन जिम्सा, म्हणजे पेशी रंगवायचा रंग, लावला, ऑइल टाकून लेन्सखाली धरलं आणि अंगावर काटाच आला.

पक्ष्याच्या लाल पेशीत मधोमध केंद्रक असतं, आपल्या पेशीत नसतं, आणि इथं त्या केंद्रकाला मिठी मारून बसलेले वाकडे विळ्यासारखे परजीवी, आत काळपट दाणे! हिमोप्रोटियस म्हणतात याला, मलेरियाचाच चुलतभाऊ. पारव्याच्या पिसांत एक चपटी माशी सरसर पळते, कबुतरं पाळणाऱ्यांनी बघितली असेल, ती हा पसरवते. माणसाला याच्यापासून काही होत नाही, घाबरू नका. आणि तो पारवा बरा होऊन उडूनसुद्धा गेला, म्हणजे एवढं सगळं रक्तात घेऊन ही पाखरं आपल्या पत्र्यावर घुमत असतात आणि आपल्याला पत्ता नसतो.

ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी 1898 मध्ये कलकत्त्यात डास मलेरिया कसा पसरवतो ते पूर्ण दाखवलं, ते माणसांवर नाही, चिमण्यांवर! 1902 चं नोबेल त्याच कामाला मिळालं. तो डास होता क्युलेक्स, गटारात वाढणारा, हत्तीरोगही तोच पसरवतो, आपल्या जिल्ह्यात त्याच्यासाठी रात्री रक्त घ्यायला यायचे ते जुन्या लोकांना आठवत असेल. हाच डास 1826 च्या सुमारास जहाजातून हवाई बेटांवर पोचला, मग पक्ष्यांचा मलेरिया पसरला, तिथल्या पाखरांना त्याची सवयच नव्हती, कितीतरी जाती संपल्या आणि उरल्यात त्या बहुतेक थंड डोंगरावर, जिथं डास कमी. आपल्याकडे तो डास कायमचाच आहे, पाखरंही आहेत, हिप्परगा, उजनी, नान्नजचा माळ, कंबर तलाव, हिवाळ्यात लोक दुर्बिणी घेऊन पक्षी मोजतात, चांगलंच आहे ते. पण त्यांच्या रक्तात काय आहे ते कोण बघणार?

म्हणून माझं एकच म्हणणं आहे. मांजात अडकलेले, तारेला धडकलेले पक्षी उपचाराला येतातच, डॉक्टरांनी त्यावेळी फक्त एक थेंब काचेवर ओढून ठेवावा. चिमणी पंचवीस-तीस ग्रॅमची असते, वजनाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त रक्त काढायचं नाही असा नियम आहे, आणि स्लाइडला लागतं त्याच्या कितीतरी कमी. पण कुणी उत्साहाच्या भरात जाळं लावून पाखरं धरू नका, वनखात्याच्या परवानगीशिवाय तो गुन्हा आहे आणि पाखराला त्रास वेगळाच. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजांत मायक्रोस्कोप आहेत, पोरं आहेत, त्यांनी वनखातं आणि डॉक्टरांशी बोलून रीतसर हे काम हातात घ्यावं, मी लॅबची वेळ संपल्यावर येऊन जिम्सा कसा लावायचा ते शिकवीन, पैसे नकोत.

डॉक्टर लोकांना फक्त एवढं सांगतो, स्लाइड लगेच हवेत वाळवा, मिथेनॉलमध्ये बुडवून काढा, आणि पक्षी कोणता, कुठं सापडला, तारीख काय ते काचेच्या खरबरीत टोकावर पेन्सिलीनं लिहा, पेनानं नको, मिथेनॉलमध्ये शाई निघून जाते.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, सोलापूर