व्हॅन बुक करण्याआधी

सातारा,
२४ मार्च

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर म्हणालास, "आई, खात्यावर तीन लाख दहा हजार आहेत, पहिल्याच वर्षी एवढा नफा! दुसरी व्हॅन बुक करतोय." तुझा आवाज ऐकून जीव सुखावला, पण रात्री झोप लागेना. पतसंस्थेत सव्वीस वर्षं खतावण्या, म्हणजे खात्यांच्या वह्या, लिहिल्या मी. बँकेतली शिल्लक म्हणजेच नफा समजून बसलेली कितीतरी माणसं काउंटरपलीकडे उभी राहिलेली पाहिली, कर्ज मागायला आलेली. म्हणून एवढं लिहिते. बुकिंगचे पैसे भरण्याआधी वाच.

तू पाठवलेले रोजमेळाच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीच्या, पानांचे फोटो चष्मा लावून नीट पाहिले. १ फेब्रुवारीपासून तू साठ गिऱ्हाइकांचे एसी एएमसीवर, म्हणजे वर्षभराच्या देखभाल करारावर, घेतलेस, प्रत्येकी ४,००० रुपये वर्षाचे आगाऊ. झाले २,४०,०००, आणि तू ते सगळेच्या सगळे उत्पन्नात लिहिलेस. बाळा, महिन्याला २०,००० पडतात. ३१ मार्चपर्यंत दोन महिने भरतील, म्हणजे तुझी कमाई ४०,०००. राहिलेल्या दोन लाखांची सेवा तुला अजून द्यायची आहे. मे महिन्यात कुणाचा एसी थंड करेनासा झाला की पोरं पाठवशील, त्यांचा पगार, गाडीचं पेट्रोल, गॅस, सगळं याच पैशातून जाणार. ते आज व्हॅनला घातलेस तर मेमध्ये काय करशील?

तेव्हा ३१ मार्चला नोंद अशी कर: एएमसी उत्पन्न खाते नावे (डेबिट) २,००,०००, आगाऊ मिळालेले एएमसी खाते जमा (क्रेडिट) २,००,०००. हे दुसरं खातं ताळेबंदात देण्याच्या बाजूला बसेल. एप्रिलपासून दर महिन्याच्या शेवटी त्यातून २०,००० काढून उत्पन्नात आणायचे. तू विचारशील, वर्षात तीन सर्व्हिसिंग ठरल्या आहेत, मग महिन्यांऐवजी सर्व्हिसिंग मोजून का नको? नुसत्या सर्व्हिसिंगचा करार असता तर मीही तसंच केलं असतं. पण मधे बिघाड झाला तर फुकट येऊन बघण्याचा शब्द तू दिला आहेस, आणि तो शब्द बाराही महिने चालतो. म्हणून महिन्यांचा हिशेब मला जास्त खरा वाटतो. एक पद्धत धरलीस की पुढच्या वर्षीही तीच ठेव.

आता उलट बाजूचं. दोन्ही पोरांचा मार्चचा पगार, १८,००० प्रमाणे ३६,०००, तू ७ एप्रिलला देणार. पण घाम त्यांनी मार्चमध्येच गाळला ना? पगार खाते नावे, देणे पगार खाते जमा, हे ३१ तारखेलाच लिही. नाहीतर तुझ्या वर्षात अकराच पगार दिसतील आणि नफा उगीच फुगेल. गाळ्याचं मार्चचं भाडं ९,००० आणि गॅस-तांब्याच्या पाइपवाल्याची उधारी २८,५०० हेही तसंच. एकूण देणं ७३,५००. तीन लाख दहा हजारांतून दोन लाख आणि हे वजा कर बरं. ३६,५०० उरतात. तुझ्या व्हॅनचं डाउन पेमेंट यात बसत नाही.

येणंही आहे, ते मी विसरले नाही. ४६,००० ची बिलं लोकांकडे अडकली आहेत. काम झालंय, बिल दिलंय, म्हणजे ते याच वर्षाचं उत्पन्न. फक्त त्यातले ८,००० ज्याचे आहेत, तो तर फोनही उचलत नाही आणि खोली सोडून गेलाय म्हणतोस. ते बुडीत म्हणून सरळ खर्चात टाक. मनाला लागतं, मला माहीत आहे, पण न येणारा पैसा येण्यात ठेवून ताळेबंद सजवू नकोस.

व्हॅनच्या विम्याचे १४,४०० तू १ डिसेंबरला वर्षभराचे भरलेस. चार महिन्यांचे ४,८०० या वर्षाचा खर्च, ९,६०० पुढच्या वर्षासाठी आधी दिलेला खर्च. आणि नोव्हेंबरअखेर घेतलेली ती व्हॅन, ४,८०,००० ची, तिचा घसारा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षी घटणारी किंमत, धरलाच नाहीस. आयकरात अशा गाडीला वर्षाला १५ टक्के मिळतो, पण खरेदीच्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्मा. म्हणजे साडेसात टक्के, ३६,०००. खिशातून एक रुपया जात नाही, तरी नफ्यातून जातो, कारण गाडी रोज झिजते. व्हॅनच्या कर्जाच्या हप्त्याचं मात्र तू चुकीचं लिहिलंयस. पूर्ण हप्ता खर्च नसतो. त्यातलं व्याज तेवढं खर्च, मुद्दल म्हणजे कर्ज फेडणं. बँकेकडून व्याज-मुद्दलाची फोड मागून घे.

कारखान्याच्या ऑफिसचं ५०,००० चं बिल होतं, खात्यात ४९,५०० आले आणि तू तेवढेच लिहिलेस. ५०० त्यांनी टीडीएस, म्हणजे तुझ्या नावाने आधीच भरायचा आयकर, म्हणून कापला. उत्पन्न पन्नासच हजार लिही आणि ५०० टीडीएस येणे म्हणून वेगळे ठेव. तुझ्या पॅनवर ते जमा झालेत का, हे आयकर खात्याच्या २६एएस या उताऱ्यात बघ. राहून गेलं तर तुझे हक्काचे पैसे जातील.

बँकेच्या पासबुकाशी ताळमेळ घालताना दोन ठिकाणी अडशील. दिलेला चेक अजून वटलेला नसेल, तो एक. दुसरं, काही गिऱ्हाइकं तुझ्या जुन्या नंबरावर, म्हणजे घरच्या खात्यावर पैसे टाकतात. ते धंद्याच्या वहीत आलेच नाहीत. आणि धंद्याच्या खात्यातून चिमणीची शाळेची फी गेली, ती तू किरकोळ खर्चात घातलीस. ती तुझी उचल, भांडवलातून वजा होईल. सूनबाईलाही सांग, दोन खाती कायमची वेगळी ठेवा.

तुला वाटेल आई फार कसोशी करते. तुझ्या बाबांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान तुला धूसर आठवत असेल. एका हंगामाआधी शेतकऱ्यांकडून पंपांच्या दुरुस्तीचे आगाऊ पैसे आले, खिशातल्या डायरीत लिहिले गेले आणि घराच्या स्लॅबला लागले. हंगाम आला तेव्हा तांब्याची तार घ्यायला पैसे नव्हते. माझी मुदतठेव मोडून आम्ही ते पंप पुरे केले. शब्द राखला, पण ते दोन महिने बाबा घरात कुणाशी बोलले नाहीत. मी पतसंस्थेत दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहीत होते आणि स्वतःच्या घरातला विचारला नव्हता. ते मला अजून टोचतं.

रिटर्नसाठी काय आणि कसं धरायचं ते तुमच्या सीएंना विचार, लहान धंद्याला अंदाजे नफ्याचीही सोय आहे. पण ही वही तुझ्यासाठी आहे, ती पूर्ण लिही.

३१ तारखेला संध्याकाळी पोरांना घेऊन गाळ्यातले कपॅसिटर, फॅन मोटर, पाइप, सगळं मोजून कागदावर उतरव. गॅसचे सिलिंडर वजन करून घे, अंदाजाने नको. भाव खरेदीच्या बिलाचा लाव. मी शनिवारी सकाळच्या एसटीने चिंचवडला येते. पावत्यांची फाइल, पासबुक आणि कोरी खतावणी काढून ठेव, तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिलकांची यादी, आपण दोघं मिळून जुळवू. चिमणीला पापा.

तुझी,
आई