इंजिन उघडण्याआधी

कराड,
रविवार सकाळ

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मोटरसायकलबद्दल सांगताना तुझा आवाज पडलेला होता. "बाबा, मिस्त्री म्हणतो गिअरबॉक्स गेलाय, इंजिन खाली उतरवावं लागेल, आठ हजार धरा." आणि मग हळूच म्हणालीस, "माझाच पाय चुकत असेल का?" ते वाक्य रात्रभर डोक्यात राहिलं. फोनवर सांगितलेलं गाडीजवळ जाईपर्यंत विसरायला होतं, म्हणून कागदावर लिहितोय. गाडीशेजारी बसून वाच.

सगळ्यात आधी, इंजिनाला कुणालाही हात लावू देऊ नकोस. तू सांगितलेल्या तीन गोष्टी मी लिहून ठेवल्यात. सिग्नलला थांबलीस की न्यूट्रल सापडत नाही. पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येतो आणि क्लच दाबलेला असूनही गाडी पुढे ओढते. ट्रॅफिकमध्ये गाडी तापली की त्रास वाढतो. या तिन्हींवरून माझा पहिला संशय क्लचवर आहे. तो पूर्ण सुटत नसावा, म्हणजे दाबूनही इंजिनाचा जोर गिअरपर्यंत पोहोचत असावा.

पण संशयावर पैसे घालायचे नाहीत, आधी तपासायचं. गाडी डबल स्टँडला लाव. इंजिन बंद, चावी काढून खिशात. क्लचचा लिव्हर पूर्ण दाबून सुतळीने मुठीला बांधून टाक. आता एका हाताने टायर धरून मागचं चाक सावकाश पुढे फिरवत राहा आणि दुसऱ्या हाताने गिअरचा लिव्हर हलव. पहिला, दुसरा, पाचपर्यंत, आणि तसेच उलटे खाली. बोटं चेनजवळ अजिबात न्यायची नाहीत. चाक फिरत असताना प्रत्येक गिअर 'टक' करून बसला आणि तसाच सुटला, तर आतलं सामान बहुतेक शाबूत आहे. एखाद्या ठरावीक गिअरलाच दर वेळी अडकत असेल तर ते लिहून ठेव. चाक न फिरवता गिअर पडला नाही तर घाबरू नकोस, उभ्या गाडीत तसं होतंच.

ते का होतं, ते समजून घे. मोटरसायकलच्या गिअरची चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. लिव्हर मारल्यावर त्यातली काही चाकं दांड्यावर बाजूला सरकतात आणि त्यांच्या बाजूच्या जाड खुंट्या शेजारच्या चाकाच्या खाचांत जाऊन बसतात. या खुंट्यांना डॉग म्हणतात. खुंटीसमोर खाच आली नाही तर ती बसणार कशी? म्हणून मागचं चाक हलवावं लागतं. कारला दोन्हींचा वेग जुळवून घेणारा सिंक्रोमेश असतो, मोटरसायकलला तो नसतो. मी वर्कशॉपात लागलो तेव्हाच्या जुन्या बसनाही नसायचा. ड्रायव्हर क्लच दोनदा दाबून, मध्ये रेस देऊन गिअर जुळवायचे. चांगला ड्रायव्हर बस वर्कशॉपात शिरतानाच्या आवाजावरून ओळखू यायचा. आता यात क्लच अर्धवट सुटत असेल तर काय होईल बघ. इंजिनाचा जोर खुंट्यांवर तसाच राहतो, त्या खाचेत दाबून धरल्या जातात आणि न्यूट्रल सापडत नाही. तू इंजिन बंद केल्यावर न्यूट्रल लगेच सापडतो का, ते पुढच्या सिग्नलला बघ. सापडला तर क्लचवरचा संशय आणखी पक्का.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी आणि माझ्या सोबतच्या फिटरने अशाच तक्रारीवर एका बसचा गिअरबॉक्स उतरवला होता. दोन दिवस गाडी उभी राहिली. आत काहीच नव्हतं. क्लच पेडलच्या जोडणीतली एक पिन झिजली होती, तेवढंच. त्या दोन दिवसांत एका गावाची फेरी बंद राहिली, हे मला आजही टोचतं. तेव्हापासून मी बाहेरून आत जातो.

तर बाहेरून. क्लचचा लिव्हर बोटाने हलकेच ओढ. सुरुवातीला तो मोकळा फिरतो, मग जड लागतो. ही मोकळी हालचाल लिव्हरच्या टोकाशी साधारण 10 ते 20 मिलिमीटर हवी. तुझ्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. जास्त असेल तर लिव्हर मुठीला टेकला तरी क्लच सुटणार नाही. अजिबात नसेल तर उलट होईल, क्लच घसरेल, रेस वाढेल पण गाडी पळणार नाही. लिव्हरपाशी अ‍ॅडजस्टर असतो, त्याचा लॉकनट सैल करून फिरव. तिथे पुरलं नाही तर खाली इंजिनापाशी दुसरा असतो. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळव. ढिलाई बदलली तर केबल कुठेतरी आवळली जातेय. लिव्हरमध्ये केबलचं बोंड बसतं तिथे तारा तुटून पिंजारल्यात का, तेही बघ. 2014 ची गाडी, 46,000 किलोमीटर, आणि मला वाटतं केबल पहिलीच आहे. काही विचार न करता नवीच टाकायची. दोन-अडीचशे रुपयांचं काम आहे.

मग तेल. आधीच्या मालकाने कोणतं घातलंय, आपल्याला माहीत नाही. मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्या तेलातच बुडलेला असतो, त्यामुळे कारचं तेल चालत नाही. डब्याच्या मागे 'जासो एमए' किंवा 'एमए2' लिहिलेलं हवं. 'एमबी' हे ऑटोमॅटिक स्कूटरचं. तेलाची जाडी 20डब्ल्यू50 की 10डब्ल्यू30, ते पुस्तकात बघून घे. नको इतकं जाड तेल क्लचच्या प्लेटी एकमेकींना चिकटवून ठेवतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या गिअरला एकदा 'खट' करते तेही थंड तेलाने प्लेटी चिकटल्यामुळेच, ते दुखणं नाही. जुनं तेल पांढऱ्या भांड्यात काढ आणि त्यात चुंबक फिरव. करड्या मलमासारखं काही लागलं तर ती नेहमीची झीज. तुकडे, चकत्या लागल्या तर मला लगेच फोन कर.

चेन फार सैल किंवा फार ताठ नको. इंजिनाचा स्लो, म्हणजे रेस न देता फिरण्याचा वेग, मिनिटाला 1,400 फेऱ्यांच्या आसपास असू दे. तो वाढवून ठेवला असेल तरी पहिला गिअर आपटतोच.

एवढं करूनही गाडी ओढत राहिली, तर क्लचच्या स्टील प्लेटी वाकल्या असतील किंवा क्लचच्या भांड्याच्या पाकळ्यांवर खाचा पडल्या असतील. त्यासाठी उजव्या बाजूचं कव्हर काढावं लागतं, इंजिन खाली उतरवावं लागत नाही. मिस्त्रीला हे स्पष्ट विचार. आणि कव्हर काढतील तेव्हा तिथे उभी राहा, खाचा बोटाने चाचपून बघ.

आता तुझ्या पायाबद्दल. तू गाडी शिकलीस ती आपल्या स्प्लेंडरवर. तिचे चारही गिअर पुढे दाबूनच पडतात आणि न्यूट्रल सगळ्यांच्या आधी. तुझ्या गाडीला पहिला खाली, बाकीचे चार वर, आणि न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये. दुसरा टाकताना पाय अर्धवट उचलला गेला की न्यूट्रलमध्येच अडकणार. पंधरा दिवसांत पायाला सवय होईल. पाय चुकल्याने गाडी ओढत नाही, बाळ, एवढं मनात पक्कं धर.

एका गोष्टीची मात्र मला खरी काळजी आहे. रेस देताना किंवा उतारावर एखादा गिअर आपोआप सुटून न्यूट्रल होतो का? तू तसं म्हणाली नाहीस, पण आठवून सांग. तसं होत असेल तर डॉगच्या कडा झिजल्यात किंवा गिअरची चाकं सरकवणारा फोर्क वाकलाय, आणि मग मिस्त्री बरोबर आहे, इंजिन उघडावंच लागेल. पैशांची चिंता करू नकोस, मी देतो. पण घाटात गिअर सुटला तर इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

तेव्हा शनिवारी घरी येताना बसने ये. डबल स्टँडवरच्या तपासणीत काय दिसलं ते रात्री कळव. गिअर नीट बसत असले तर पुढच्या रविवारी मी केबल आणि पाने घेऊन पुण्याला येतो, दोघं मिळून बसवू. तोवर गाडी ऑफिसपुरतीच. खंबाटकी घाट नको.

तुझे,
बाबा