काका, कीबोर्ड माझ्याच हाती ठेवलात त्याबद्दल

काका,
साष्टांग नमस्कार.

"आभार कसले मानतेस, चहा पाज," म्हणालात आणि चहा पिऊन निघून गेलात. पण हे चहावर फिटणारं नाही, म्हणून चारचौघांसमोर लिहिते आहे.

वाचनालयाला देणगीत मिळालेल्या त्या जुन्या लॅपटॉपवर मी डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली टाकली. मराठी टाइप होऊ लागलं, पुस्तकांची नोंदवही त्यात उतरवायला घेतली, आणि पाहते तर वाय-फाय नाही. नेट येतंय-जातंय असंही नव्हतं. वाय-फायचं चिन्हच नव्हतं. सेटिंगमध्ये "अडॅप्टर सापडला नाही" एवढी एकच ओळ. राउटर रस्त्यापलीकडे ग्रामपंचायतीत, त्यामुळे केबल ओढायची सोय नाही. दुकानात दाखवला तर कार्ड गेलंय, नवीन बसवा, असं सांगितलं. वर्गणीतून पैसे काढायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं.

तुम्ही पेपर वाचायला आला होतात. माझं सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "कार्ड गेलं हे कुणी पाहिलं?" टेलिफोन खात्यात लाइनवर नोकरी केलेल्या माणसाचा प्रश्न तो! लाइन बंद पडली की आधी एक्सचेंज, मग खांबावरची पेटी, मग घरातला डबा, असं एकेक टोक तपासत जायचं, हे तुम्ही मला तेव्हाच सांगितलंत. मग खुर्ची माझ्या शेजारी ओढून बसलात. दोन संध्याकाळी बसलात, पण लॅपटॉपला बोटसुद्धा लावलं नाहीत. मी टाइप करायचं, पडद्यावर आलेलं मोठ्यानं वाचायचं, आणि त्याचा अर्थ काय वाटतो ते आधी मी सांगायचं.

पहिली आज्ञा 'आरएफकिल लिस्ट', कोणतं बिनतारी साधन बंद करून ठेवलंय ते दाखवणारी. यादीत ब्लूटूथ होतं, वाय-फाय नव्हतं. वाय-फाय नुसतं बंद करून ठेवलेलं असतं तर त्याचं नाव दिसलं असतं आणि पुढे 'ब्लॉक्ड'समोर 'येस' आलं असतं. म्हणजे बटणाचा प्रश्न नव्हे. मग 'एलएसपीसीआय -एनएन', मशीनच्या आत जोडलेली साधनं क्रमांकासकट सांगणारी. त्या लांबलचक यादीत मला ती ओळ सापडली: नेटवर्क कंट्रोलर, ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२, आणि चौकटी कंसात १४ई४:४३६५. तुम्ही म्हणालात, "हा त्याचा आधार क्रमांक. लिहून ठेव." वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. मशीन कार्डाचं नाव-गाव सांगतंय म्हणजे कार्ड जिवंत आहे, हे मला त्या क्षणी कळलं. काका, तो क्षण मी विसरणार नाही. मेलं म्हणून ज्याच्यावर पाणी सोडलं होतं ते तिथे बसून होतं, त्याच्याशी बोलणारं कुणी नव्हतं एवढंच.

माझी समजूत अशी होती की डेबियन १२ च्या इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर आता आपोआप येतं, तेव्हा काही कमी पडायचं कारण नाही. तुम्ही ती गाठ सोडवलीत. फर्मवेअर कार्डाच्या पोटात भरायचं असतं. ड्रायव्हर हा कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, बाजूने कार्डाशी बोलणारा. इन्स्टॉलरबरोबर येतं ते डेबियनच्या 'नॉन-फ्री-फर्मवेअर' विभागातलं फर्मवेअर. आपल्या कार्डाला लागणारा 'डब्ल्यूएल' ड्रायव्हर मात्र मुक्त नाही, आणि तो नुसत्या 'नॉन-फ्री' नावाच्या वेगळ्या विभागात असतो. पॅकेजं कुठून आणायची त्या सोर्सेसच्या यादीत तो विभाग जोडल्याशिवाय ड्रायव्हर सापडणारच नाही.

पण तो उतरवायलाही इंटरनेट हवं, आणि इंटरनेटसाठी तो हवा! मी हातच टेकले होते. तुम्ही खिशातून केबल काढलीत, माझा फोन लॅपटॉपला जोडायला लावलात आणि यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला देणं, चालू करायला सांगितलंत. इतकं सोपं होतं. मग 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' आणि 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस' अशी दोन पॅकेजं एकाच ओळीत घातली. हेडर्स कशाला, असं मी विचारलं. हेडर्स नसतील तर डीकेएमएसला, म्हणजे ड्रायव्हर बेतून देणाऱ्या साधनाला, आपल्या कर्नलच्या मापाचा ड्रायव्हर बेतता येत नाही, हे तुम्ही शिंपी आणि मापाच्या वहीचा दाखला देऊन सांगितलंत.

ड्रायव्हर बेतून झाला, तो चालू करायला 'मॉडप्रोब डब्ल्यूएल' म्हटलं, आणि उत्तर आलं: 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. अंधारून आलं होतं, मला रडू फुटायच्या बेतात होतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "नीट वाच. 'सापडलं नाही' म्हणतंय का? 'ओळखत नाही' म्हणतंय." सिक्युअर बूट हा सुरक्षेचा पहारा चालू होता, सहीची ओळख पटल्याशिवाय कर्नल ड्रायव्हरला आत घेत नव्हता. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणं दोन मिनिटांचं काम होतं. तुम्ही तसं करू दिलं नाहीत, आणि ते मला फार पटलं. वाचनालयाचं मशीन दहा जण हाताळतात, दाराची कडी काढून ठेवण्यापेक्षा पाहुण्याची ओळख करून देऊ, म्हणालात. दुसऱ्या संध्याकाळी 'एमओकेयूटिल' या आज्ञेने डीकेएमएसची 'एमओके.पब' ही सही ओळखायची किल्ली नोंदवायला घातली, एक पासवर्ड ठरवला, मशीन पुन्हा चालू केलं. निळा पडदा आला. 'एनरोल एमओके', मग 'कंटिन्यू', मग 'येस', मग तोच पासवर्ड.

पडदा उजळला तेव्हा कोपऱ्यात वाय-फायचं चिन्ह होतं आणि यादीत ग्रामपंचायतीचं नाव. तुम्ही पेपरची घडी घातलीत आणि "झालं" एवढंच म्हणालात.

त्यानंतर दोनदा कर्नलचं अपडेट आलं. दोन्ही वेळा डीकेएमएसने ड्रायव्हर नव्याने बेतला, वाय-फाय जागेवर राहिलं. गेल्या आठवड्यात कॉलेजातली एक मुलगी तिचा लॅपटॉप घेऊन आली, वाय-फाय दिसत नाही म्हणून. मी खुर्ची तिच्या शेजारी ओढली आणि तिलाच 'एलएसपीसीआय -एनएन' टाइप करायला सांगितलं. तिचं कार्ड रिअलटेकचं निघालं. क्रमांक वहीच्या दुसऱ्या पानावर आहे. अर्धं काम झालंय, तुम्ही आलात की उरलेलं दाखवते.

तुमची केबल माझ्या टेबलाच्या खणात आहे. अजून दोन दिवस ठेवून घेते.

तुमची,
वाचनालयातली पोर