आधी उतार, मग पडदा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा नकाशा मिळाला, निवांत बसून पाहिला. ओढ्याकाठच्या उतारावर उघड्यावरचं सिनेमागृह करायचं, ही कल्पना मला मनापासून आवडली. म्हणूनच जे खटकलं ते आडपडदा न ठेवता लिहितो.

नकाशात तू आधी पडदा उभा केलास आणि मग प्रेक्षकांना बसवायला सगळा उतार सपाट केलास. अरे, तो उतार हीच तर तुझी खरी मिळकत! पुढच्याच्या डोक्यावरून मागच्याला दिसावं म्हणून इतर लोक मातीचे भराव घालतात. एपिडॉरसचं नाट्यगृह ग्रीकांनी इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात टेकडीच्या अंगावरच बसवलं. सुमारे १४,००० माणसं तिथे मावतात. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये १९४१ साली खुलं झालेलं रेड रॉक्सही असंच, दोन प्रचंड तांबड्या कड्यांमधल्या उतारावर रांगा आहेत आणि तिथे सिनेमेही दाखवतात. तूही बसायच्या रांगा कंटूरच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या, रेषांवरूनच ने. वरच्या अंगाची माती काढून खालच्या अंगाला टाकली की बाहेरून एक ट्रकही माती आणावी लागणार नाही. कडेला सिमेंटशिवाय रचलेला दगडी बांध घाल, म्हणजे पावसाचं पाणी झिरपून जाईल. व्हीलचेअरसाठी १:१२ पेक्षा, म्हणजे बारा मीटरला एक मीटरपेक्षा, जास्त चढ नको. कंटूरच्या कडेकडेने वाट नेलीस तर ते सहज जमतं.

आता त्या झाडाबद्दल. नकाशात त्याच्यावर फुली पाहून जीव कळवळला. ते झाड राहू दे. झाडाची बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटीमीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. बुंध्याच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचं वर्तुळ मोकळं सोडायचं, असा बांधकामातला एक नियम आहे. बुंधा ६० सेंटीमीटर जाड असेल तर चारी बाजूंनी सव्वासात मीटर. त्यात खणायचं नाही, भराव टाकायचा नाही, गाडीही न्यायची नाही. माती दाबली गेली की मुळांना हवा मिळत नाही आणि झाड हळूहळू वाळत जातं. झाडामुळे काही जागांवरून पडदा नीट दिसणार नाही. त्या जागा सोडून दे, माझं तर ठाम मत आहे.

पडद्याची पाठ पश्चिमेला ठेव, म्हणजे मावळतीचं ऊन त्याच्या तोंडावर येणार नाही. मग प्रेक्षकांच्या डोळ्यांवर आभाळाचा उजेड येईल खरा, पण त्या बाजूची दाट झाडी तो अडवेल. सुरुवातीची वेळही जपून ठरव. बंद सिनेमागृहाइतकं उजळ चित्र हवं, तर प्रोजेक्टरचा साधारण १५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड पडद्यावर पडावा लागतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला तरी उघड्या आभाळाखाली तीनेक लक्स उरतातच. दिवसाचे प्रसंग त्यात छान दिसतील, पण रात्रीच्या प्रसंगातला अंधारात बसलेल्या माणसाचा चेहरा पुसट, राखाडी होऊन जाईल. सूर्य १२ अंश खाली गेल्यावर मात्र काळा रंग काळाच दिसतो. पौर्णिमेची चिंता करू नकोस, चंद्राचा उजेड जेमतेम पाव लक्स असतो.

आवाजासाठी पडद्याशेजारी दोन मोठे स्पीकर दाखवलेस, ते नकोत. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटर मागे बसलेल्याला ओठ हलल्यावर एक दशांश सेकंदाने शब्द ऐकू येणार. त्यापेक्षा रांगांमध्ये छोटे स्पीकर जमिनीलगत लाव, म्हणजे प्रत्येकाला आवाज जवळूनच येईल. सगळे हळू आवाजात चालतील. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, तेव्हा ध्वनी वर न जाता खाली वळतो आणि लांबवर पोचतो. झाडीत झोपलेल्या पाखरांना त्याचा त्रास कशाला?

वाटेवरचे दिवे गुडघ्याएवढे, पिवळसर आणि खाली तोंड असलेले घे. पांढऱ्या दिव्यांवर पतंग जास्त येतात.

पडदा कायमचा भिंतीसारखा बांधू नकोस, एवढी एक गोष्ट तरी माझी ऐकच. १० बाय ५ मीटरच्या पडद्यावर सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा साधारण ३०० किलोचा जोर लावतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे १,२०० किलो. तो पेलायचा तर ओढ्याच्या काठाला काँक्रीटचे मोठे पाये ओतावे लागतील. कापडी पडदा, दोन खांब, आणि वारा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की खेळ बंद करून पडदा उतरवायचा. सकाळी ओढ्यावर येणाऱ्याला पुन्हा नुसता उतार दिसावा, असं मला फार वाटतं.

ओढ्याचंही विसरू नकोस. ऑस्ट्रेलियात ब्रूम इथलं १९१६ पासूनचं उघडं सिनेमागृह अजून चालू आहे. तिथे पूर्वी मोठ्या भरतीचं पाणी थेट प्रेक्षकांच्या पायांपर्यंत यायचं. तुझ्याकडे पाण्याजवळ वीज आहे, तेव्हा सगळ्या केबल पूररेषेच्या वरच राहू देत.

कंटूरचा नकाशा, पुराची जुनी खूण आणि छातीच्या उंचीवर मोजलेला त्या झाडाचा घेर, एवढं पाठव. रांगा मी आखून देतो. तोवर पडद्याची ऑर्डर देऊ नकोस.

तुझाच,
मित्र